सबवूफरचा खण

केळव्याच्या एका बंगल्यात बाबांनी हॉलची अख्खी भिंत कपाटाने भरली होती. मधे टीव्ही, दोन्ही बाजूंना स्पीकरचे खण आणि खाली सबवूफर, म्हणजे घुमणारा आवाज काढणारा तो मोठा डबा. बाबा सुतार. समुद्रकाठी कामं करून त्यांची एक सवय पक्की झालेली: खारा वारा सगळं खातो, म्हणून ठेवायचं ते बंद ठेवायचं. प्रत्येक खणाला शटर, म्हणजे बिजागरीचं दार, आणि शटरला आतून रबराची पट्टी.

मी पालघरच्या कॉलेजात, विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. म्हणून स्पीकरसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक बाबांनी माझ्याकडे दिलं. "वाच, नि मापं सांग."

मी मापं सांगितली. दोन दिवसांनी त्याच पानावरचा खालचा मजकूर वाचला. सबवूफर बंद कपाटात ठेवू नये, पुढून उघडा असावा, मागे वीतभर जागा सोडावी. तोवर प्लाय कापून झाला होता. माझं इंग्रजी कच्चं. वाटलं, आपल्यालाच नीट कळलं नसेल. आणि बाबांना कपाटाबद्दल मी काय सांगणार? गप्प राहिले.

रविवारी बंगल्याच्या मालकांनी टीव्हीवर बातम्या लावून आवाज वाढवला. सगळी शटरं थरथरायला लागली.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "हा माणूस बोलतोय की तुम्ही त्याला पिंपात कोंडलंय?"

ते हसत चहा सांगायला आत गेले. बाबा गुडघ्यावर बसले. बिजागऱ्या आवळल्या, मग सैल केल्या, मग एकेक खोलून परत बसवल्या. फटीत कागदाची घडी घातली. आवाज तसाच. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेजारी मी टॉर्च धरून उभी होते आणि माझाच हात दुखायला लागला होता.

"बाबा, बिजागरीचं नाय ते. पुस्तकात लिवलंय, हा बंद ठेवायचा नाय."

"कदी वाचलंस?"

"तुमी प्लाय कापल्यावर."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कापल्यावर वाचलंस, ते ठीक हाय. पन मी मघापासून बिजागऱ्या खोलतोय, ते तू बघतेस ना, बाय?"

ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते.

"आता काय करायचं ते सांग."

शटर काढून जाळीचं कापड लावायचं, मागची फळी कापायची, डब्याखाली जाड रबर घालायचं. मी चाचरत सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. "मार खूण." मी मापून मागच्या फळीवर रेघ मारली.

बाबा स्वतःची खूणही मापाच्या टेपने परत तपासतात. त्या दिवशी त्यांनी टेप उचलली नाही. सरळ कापायचं मशीन हातात घेतलं.

"एकदा मापून घ्या ना," मी म्हटलं.

"तू मापलंस ना?"

मीच परत टेप लावली. एका बाजूला सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढा, फरक आला. एवढ्याने काय होतंय, डब्यामागे झाकलं जाईल, असंही मनात आलं. तोवर त्यांनी मशीनचं बटण दाबलं होतं.

"बाबा, थांबा. एक सूत चुकलंय."

त्यांनी मशीन बंद करून खाली ठेवलं, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"पूस नि परत मार," ते म्हणाले. "मी बसलोय."