बरकतपुऱ्यात मी मराठी वाचायला शिकलो

एकोणिसाव्या वर्षी आमच्या चर्चनं मला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवलं, आणि तो परदेश निघाला भारत. माझा जन्म पुण्याचा. वडिलांना ऑकलंडमध्ये नोकरी लागली तेव्हा मी इतका लहान होतो की पुण्यातलं घर मला फक्त फोटोतून माहीत आहे. ऑकलंडमध्ये शेजारच्या कुटुंबाबरोबर आई रविवारी त्यांच्या चर्चला जायला लागली, मग हळूहळू आम्ही सगळेच गेलो, आणि मी शाळेत असतानाच आमचं घर त्यांच्या मॉर्मन पंथाचं झालं. आमच्यात तरुण मुलं घर सोडून अशी सेवेला जातात. कुठे जायचं ते वरून ठरून येतं. मला पेरू नाहीतर जपान हवा होता. हैदराबाद आलं तेव्हा मित्र हसले. आईनं मात्र त्याच संध्याकाळी माझ्यासाठी सुती बनियनं शोधायला सुरुवात केली.

बरकतपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा होती. वारा इकडचा असला की काचीगुडा स्टेशनवरच्या घोषणा थेट स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. सकाळी लवकर उठायचं, व्यायाम, प्रार्थना, अभ्यास, मग पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर नावाची काळी पाटी. त्या पाटीमुळे लोक आम्हाला औषध कंपनीचे एजंट समजत. एकदा औषधाच्या दुकानदारानं आम्हाला आत बोलावून थेट सॅम्पलं मागितली होती. कुणाच्या दारावर जाऊन टकटक करायची आम्हाला परवानगी नव्हती. ज्यानं बोलावलं त्याच्याकडेच जायचं. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ कुणीतरी बोलावण्याची वाट बघण्यात जायचा.

एकट्यानं कुठे जायचं नाही, कायम जोडीनं राहायचं, असाही नियम होता. माझा जोडीदार राजमुंद्रीचा. आम्ही एकमेकांना ‘एल्डर’ म्हणायचो, म्हणजे वडीलधारे, आणि दाढी दोघांनाही धड आलेली नव्हती. तो कमी बोलायचा आणि इस्त्री फार सुरेख करायचा. रस्त्यात लोक माझ्याशी तेलुगूत किंवा दखनी उर्दूत बोलायला लागत, मी त्याच्याकडे बघायचो, आणि तो उत्तर द्यायचा. मग रिक्षावाला मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. दिसायला इथला आणि बोलायला मुका, असा तो परदेशी मी होतो.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही इंग्रजीचा फुकट वर्ग घ्यायचो. एका संध्याकाळी माझ्या हातातून खडूचा डबा पडला आणि तोंडातून “अरे देवा” निघून गेलं. मागच्या बाकावरच्या एक बाई वर्ग संपेपर्यंत थांबल्या आणि फळ्यापाशी आल्या. विम्याच्या ऑफिसात काम करायच्या, मुख्य कचेरीतून इंग्रजीत फोन येतात म्हणून वर्गाला यायच्या, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं.

“मराठी का रे तू?” त्यांनी विचारलं.

“हो काकू. पुण्याचा. म्हणजे आता न्यूझीलंडचा.”

“काकू नको म्हणूस. मावशी म्हण. मी लातूरकडची.” मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, “जेवायलास का नाही नीट? शनिवारी घरी या दोघं. आमचे हे असतील.”

‘हे’ घरी असणं आम्हाला गरजेचंच होतं, कारण घरात पुरुष माणूस नसेल तर आम्ही आत जायचं नाही, असा आणखी एक नियम होता. काका रेल्वेत होते. त्यांची ड्यूटी लांबली की आम्ही जिन्यातच उभे राहायचो, आणि मावशी आतून ओरडून सांगायच्या, “आलेच ते, चौकात पोचलेत.” शेजारच्यांना आम्ही पाहुणे आहोत की वसुलीवाले, हे बरेच दिवस कळलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी ताटं मांडायच्या आधीच मावशींनी विषय काढला.

“हे बघ लेकरा, एक आधीच सांगते. आमच्या घरात एकदा धर्म बदलून झालाय. माझ्या आजोबांनी बदलला, विचार करून बदलला. आता परत बदलायचा नाही. तुम्ही या, जेवा, गप्पा मारा. पण पुस्तक बॅगेतच राहू द्या.”

मी जोडीदाराला इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, “ठीक आहे. जेवायला काय आहे?” मावशींना तेलुगू येत होतं आणि इतपत इंग्रजीही. त्या हसल्या, आणि तिथून पुढे पहिली भाकरी कायम त्याच्या ताटात पडायला लागली.

त्या दिवशी जेवताना मला भिंतीवर निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या गृहस्थांची तसबीर दिसली. शेजारी बुद्धाची लहानशी मूर्ती. मी सहज विचारलं, “हे तुमचे वडील का?”

काकांचा घास हातातच राहिला. त्यांची नववीतली मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मावशींनी तसबिरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “तसंच समज.” जेवण झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि ते कोण, हे सांगितलं. गावातल्या विहिरीचं सांगितलं. आजोबा कुणाच्या ट्रकमधून नागपूरला गेले आणि परत आल्यावर त्यांनी घरातले जुने देव कसे उचलून ठेवले, तेही सांगितलं. मी मराठी घरात वाढलो होतो, पण आमच्या घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

चहाचा घोळ दुसऱ्या खेपेला झाला. आम्हाला चहा-कॉफी वर्ज्य. हैदराबादेत हे सांगणं म्हणजे माणसाचा हात झिडकारण्यासारखं. मावशींनी मात्र ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सर्दी झाली की काय पिता?” बाल्कनीतल्या कुंडीतली गवती चहाची पात तोडून, आलं-गूळ घालून त्यांनी ती उकळली. आता गवती चहा हा चहा की नाही, यावर आम्ही दोघांनी जिन्यात गंभीरपणे चर्चा केली. जोडीदाराचं म्हणणं असं की नावात काय आहे, गवत ते गवत. आम्ही प्यायलो. नंतर कुठल्याही घरी आम्ही बिनधास्त गवत मागायला लागलो.

वाचायचं कसं सुरू झालं, तेही सांगतो. मावशींनी एकदा मला एक जुनं मराठी पुस्तक दिलं. मी ते उघडलं, आणि अक्षरं ओळखीची वाटूनही शब्द जुळेनात. मावशींच्या लेकीचंही तेच होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा तेलुगू. मराठी फक्त घरात बोलण्यापुरती.

“दोघं एकाच वर्गात बसा,” मावशी म्हणाल्या. उदगीरहून त्यांनी पहिलीचं पुस्तक मागवलं. दर शनिवारी जेवणानंतर ताटं उचलली की त्याच टेबलावर आम्ही दोघं वाचायचो. ती पोरगी माझ्यापेक्षा जलद. मी ‘ष’ला ‘प’ वाचलं की ती हळूच म्हणायची, “नक्को, पोट फोडलेला ष तो.” काका पेपर वाचत बसायचे आणि मध्येच एखादी ओळ माझ्यासमोर सरकवायचे. जोडीदार कोचावर झोपायचा.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला त्यांच्या लोकांचा कार्यक्रम होता, आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. मराठवाड्यातून आलेली तीस-चाळीस घरं असतील, भाड्याच्या हॉलमध्ये जमायची. मावशींनी आजोबांच्या त्या प्रवासावर तीन पानं लिहिली होती. पोरांपैकीच कुणीतरी वाचावं असं त्यांच्या मनात होतं, म्हणून वाचणार होती लेक. पण माईकसमोर उभी राहायची वेळ आली आणि तिचा धीर खचला. तिच्या वयाची बाकीची पोरं खाली मान घालून बसली. त्यांतल्या कुणालाच वाचता येत नव्हतं.

मावशी आमच्या खुर्च्यांपाशी आल्या. “तू वाचशील?”

“मावशी, मी वाचलेलं चालेल का सगळ्यांना?” मी खिशावरच्या पाटीवर हात ठेवला.

“लिहिलंय मी. कुणी वाचायचं ते मी ठरवते. आणि पाटी असू दे, लपवू नको.”

मी उठलो. पहिल्या पानावर तीनदा अडखळलो. ‘स्पर्श’ हा शब्द मला लागेना. मी थांबलो, तेव्हा मावशींची लेक उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं तो शब्द माईकमध्ये मोठ्यानं म्हटला. पुढची ओळ तिनं वाचली, त्यापुढची मी. शेवटपर्यंत आम्ही असेच वाचत गेलो. पुढच्या रांगेतले, मावशींच्याच गावचे एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. संपल्यावर ते मला म्हणाले, “ट्रक नव्हता, मालगाडी होती. पण छान वाचलंत.” मग सगळ्यांना खीर वाटली गेली. जोडीदारानं तीन वाट्या खाल्ल्या.

सोमवार आमचा कपडे धुण्याचा आणि घरी व्हिडिओ कॉल करायचा. त्या सोमवारी मी आईला सांगितलं, काल मी मराठी वाचलं, माईकवर. तिनं विचारलं, काय वाचलंस? मी विहिरीपासून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “आमच्याकडे हे कुणी सांगितलं नाही रे.”

त्या आठवड्याच्या अहवालात धर्माचे किती पाठ घेतले, या रकान्यात मी काय भरलं असेल ते उघड आहे. आमचे वरिष्ठ अमेरिकन गृहस्थ होते. त्यांनी फोनवर विचारलं, त्या कुटुंबात काही प्रगती? मी म्हणालो, “माझी बरीच झाली.” ते हसले, आणि तिकडे जात राहा म्हणाले.

पावसाळा संपता संपता माझी बदली विशाखापट्टणमला झाली. बदलीची बातमी येते तेव्हा हातात एखाददुसरा दिवस असतो. नामपल्ली स्टेशनहून गाडी होती; बदलीच्या प्रवासापुरती एकट्यानं जायची सूट असायची. जोडीदार बॅग धरून उभा होता, त्याचा नवा सोबती दुसऱ्या गाडीनं यायचा होता. काका ड्यूटीवरून तसेच आले, मागे मावशी आणि लेक. मावशींनी भाकऱ्यांची पुरचुंडी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. लेकीनं हात पुढे केला, मी हात मिळवला.

“कधी येशील परत?” तिनं विचारलं.

“परसों,” मी म्हणालो. हैदराबादेत परसों म्हणजे कुठलाही दिवस, हे तोवर मला कळलं होतं. काका मोठ्यानं हसले. गाडी हलली. जोडीदारानं खिडकीतून माझ्या कॉलरची दुमडलेली कड सरळ केली आणि मागे सरला.