ओळंब्याचा डावा खांदा

माझे सासरे प्लास्टिकच्या कारखान्यात मशीन लावतात. तिथे सगळे त्यांना ओळंबा म्हणतात, कारण गवंड्याच्या त्या सरळ दोरीसारखा हा माणूस बसतोसुद्धा ताठ. लहानपणी त्यांची पाठ डावीकडे वाकत होती. त्यांच्या वडिलांनी दोन वर्षं फळीला पट्ट्यांनी बांधून ती सरळ केली. हे ते कौतुकाने सांगतात आणि माझ्या अंगावर काटा येतो.

गेल्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदमच वाकल्या. गाडीच्या डॅशबोर्डचं नवं पॅनल साच्यातून निघालं, की त्याचा डावा कोपरा वर उठायचा. आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची पाठ, तीही डावीकडेच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, वेळ लागेल म्हणाले. वेळ द्यायचा म्हटलं की सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या.

त्याच कारखान्यात पॅनल तपासायचं काम माझं. दगडी टेबलावर पॅनल ठेवायचं, कोपरा दाबायचा. टिक् वाजलं, म्हणजे पॅनल वाकलेलं, बाद.

"बाबा, साच्यात दहा सेकंद जास्त निवू द्या ना त्याला," मी म्हटलं.

"दहा सेकंद म्हणजे दिवसाला दोनशे पॅनल कमी, सूनबाई. साहेब मला उभा सोलेल."

मग त्यांनी युक्ती काढली. गरम पॅनल लाकडी चौकटीत घालायचं, शिकंज्यांनी आवळायचं आणि तसंच थंड होऊ द्यायचं. टिक् बंद झालं. साहेब खूश. त्याच संध्याकाळी सासरे घरी फळी घेऊन आले.

मी भांडले, रडले. पोरगी मात्र रडलीच नाही. पट्ट्यांत आवळलेली, छताकडे बघत पडून राहिली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी भर दुपारी माल मोजायला मी आणि सासरे गोदामात गेलो. वर पत्रा तापलेला, चहूकडे मांडण्यांवर पॅनलच पॅनल. चिटपाखरू नाही.

टिक्.

मग पलीकडून एक. मग रांगच्या रांग. कुणी हात लावत नव्हतं आणि डावे कोपरे सावकाश वर येत होते. मी एक दाबून धरला. हात काढताच तो पुन्हा उठला.

तेवढ्यात अगदी माझ्या कानाशी वाजलं. टिक्.

मी वळले. सासरे जागच्या जागी खिळले होते आणि त्यांचा डावा खांदा हळूहळू कानाकडे चढत होता. मग ते बोलले, पण आवाज एखाद्या लहान मुलाचा होता.

"बाबा, सोडा ना."

गोदामात आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

त्यानंतर ते जे धावत सुटले, ते थेट घरी. त्यांनी लेकीच्या पट्ट्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी साहेबाशी कडाक्याचं भांडून मशीनवर दहा सेकंद वाढवले. बाद झालेल्या मालाचे दळून पुन्हा प्लास्टिकचे दाणे झाले.

आता पॅनल सरळ निघतात. लेक रोज सकाळी व्यायाम करते, आजोबा आकडे मोजतात, आणि डॉक्टर म्हणतात फरक आहे. सासरे मात्र ऊन तापलं की थोडे थोडे डावीकडे झुकतात. परवा मी सावरायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "पन्नास वर्षांनी सुटलोय."