माप माझं, चेहरा कोणाचा

किस्से गोळा करायला फिरावं लागत नाही. एका जागी गप्प बसलं की आपोआप अंगावर साचतात, आणि माझं तर कामच बसायचं आहे. भोपाळच्या एका आर्ट कॉलेजात एम.एफ.ए.ची मुलं मातीची डोकी बनवतात. त्यांच्यासमोर मी मॉडेल म्हणून बसते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण किती बॅचची पोरं माझं नाक बनवून मास्टर झाली, ते विचारा.

टी. टी. नगरातल्या आमच्या शेजारच्या दुबेबाईंनी एकदा आवाज बारीक करून चौकशी केली, की कपडे घालून बसता ना? मी सांगितलं, इस्त्रीच्या साडीत बसते, यायचं तर या, तिकीट नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलतात.

*

जिवंत माणसाच्या तोंडावर प्लास्टर थापून साचा काढतात. नाकात दोन नळ्या खुपसायच्या, श्वासासाठी. आणि भुवयांना भरपूर व्हॅसलीन चोपडायचं, नाहीतर केस प्लास्टरात अडकतात. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं.

सौरभ दुसऱ्या वर्षाला होता. त्याने उजव्या भुवईला चोपडलं आणि गप्पांच्या नादात डावी विसरला. साचा ओढला तेव्हा माझी डावी भुवई त्याच्याबरोबर गेली. मी त्याला जे बोलले ते इथे छापणार नाहीत.

आठवड्याने त्या साच्यातून माझा पांढरा चेहरा निघाला, डोळे मिटलेला. आणि डाव्या भुवईवर माझे खरे केस! पोरं बघायला गोळा झाली. मी म्हटलं, मेल्या, आधी काप ते. त्याने माझ्यासमोर कात्रीने साफ कापले.

पंधरा दिवसांनी माझी भुवई उगवायला लागली. त्या प्लास्टरचीही.

सौरभ म्हणतो, आत दबलेले केस प्लास्टर सुकल्यावर वर आले असतील. असतील.

*

साचा म्हणजे आत गेलेला चेहरा. नाकाच्या जागी खड्डा, डोळ्यांच्या जागी खळगे. तो भिंतीला टेकवून ठेवला की एक चमत्कार होतो. तुम्ही डावीकडे सरकलात की तोही डावीकडे वळतो. उजवीकडे गेलात की उजवीकडे. आमचे तिवारी सर म्हणतात, नजरेचा खेळ आहे, सगळ्या साच्यांचं असंच होतं. मला पटलं. सरांना बाकी काही कळो न कळो, प्लास्टर कळतं.

एका दुपारी मुलं कँटीनला गेली होती. बसून बसून पाय मुंग्यांनी भरले, म्हणून मी खोलीत फेऱ्या मारत होते. भिंतीशी माझे तीन साचे ओळीने ठेवलेले. मी इकडे गेले की दोघं इकडे बघत, मी तिकडे गेले की दोघं तिकडे.

तिसरा दाराकडे बघत होता.

मी डबा उघडला आणि सगळा संपवला. दाराकडे बघितलं नाही.

*

आमच्याकडे माती कधी फेकत नाहीत. परीक्षा झाली की ज्या डोक्यांचं प्लास्टर झालं नाही ती फोडून मागच्या हौदात टाकायची, पाणी सोडायचं. पुढच्या बॅचने तीच माती काढून पायांनी तुडवायची आणि नवी डोकी करायची. हौद किती वर्षांचा आहे हे सरांनाही ठाऊक नाही.

हल्लीच्या पोरांचे पाय नाजूक, म्हणून तुडवायला मीही उतरते. टाचेखाली कधी कान लागतो, कधी हनुवटी. बहुतेक माझीच असते, म्हणून मी माफी मागत नाही.

बहुतेक म्हटलं, कारण माझ्याआधी इथे यमुनाबाई बसायच्या. माझ्यासारख्या नागपूरकडच्याच, नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेल्या. मी लागले त्याच वर्षी त्या वारल्या. मी त्यांना दोनदाच पाहिलं. तोंड लहान, डावी पापणी जरा उतरलेली, जणू अर्धी झोपलेली. फोटो त्यांनी कधी काढू दिला नाही. त्यांचं जे काय उरलंय ते त्या हौदात.

*

आता केतकीचं सांगते. ही आनंद नगरची. वडील मोठ्या कारखान्यात टेक्निशियन, घरात मराठी, मैत्रिणींत हिंदी, रडताना दोन्ही. शेवटच्या वर्षाला एकदा नापास झालेली. परीक्षेत पोर्ट्रेट मॉडेलसारखंच दिसलं पाहिजे, तिचं दिसलं नव्हतं. यंदा पुन्हा बसली होती, आणि तिसरी संधी नसते. वडिलांनी साफ सांगितलं होतं, या वेळी डिग्री आली नाही तर माती बंद, बँकेच्या परीक्षेचा क्लास.

पोरगी जीव तोडून काम करायची. कॅलिपर नावाचा मोठा चिमटा असतो, त्याने माझा कान ते हनुवटी, नाक ते कपाळ, सगळं मोजायची आणि तेच माप मातीवर लावायची. महिनाभराने डोकं तयार झालं. मी स्टँडवरून उतरून पुढून बघितलं, तर ती मी नव्हते.

तिवारी सरांनी स्वतः कॅलिपर घेऊन सतरा ठिकाणी मोजलं. सगळी मापं बरोबर. "माप तो मौसी का है," ते डोकं खाजवत म्हणाले, "चेहरा किसका ले आई?"

मला माहीत होतं कोणाचा. डावी पापणी उतरलेली होती.

केतकीने यमुनाबाईंना पाहिलं असणं शक्य नव्हतं. त्या गेल्या तेव्हा ती अंगणवाडीत असेल. मी तिला काहीच सांगितलं नाही. आधीच वाळून काडी झालेली, त्यात हे कशाला? एवढंच म्हटलं, "ए बाई, माझ्याकडे बघून कर. माझ्या मागे काय बघतेस?"

तिने हात थांबवले. "तुम्हाला कसं कळलं मावशी?"

त्यावर मी पुढे विचारलं नाही. मला त्याच स्टँडवर रोज पाच तास बसायचं असतं.

*

तिने ते डोकं फोडलं, हौदात टाकलं आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदाही यमुनाबाईच. तिसऱ्यांदा तर केसांचा भांगसुद्धा त्यांचा. आता वेळ उरला नव्हता. तिसऱ्याचंच प्लास्टर केलं. प्लास्टर झालं की बदलता येत नाही.

परीक्षेला मॉडेलला कामाशेजारी बसवायची आमच्याकडे पद्धत आहे. परीक्षक एकदा डोकं बघतात, एकदा माणूस. आदल्या दिवशी केतकी माझे हात धरून म्हणाली, मावशी, उद्या येऊच नका, तुम्ही नसलात तर ताडून कशाशी बघतील? मी तिला झाडलं. मॉडेल नाही तर पेपरच धरत नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

"चार महिने मान आखडून बसले ती घरी लोळायला नाही," मी म्हटलं. "मी येणार. जमेल तेवढं त्या डोक्यासारखी दिसेन."

चिडून बोलले होते. तोंडातून निघून गेलं.

बाहेरगावाहून परीक्षक बाई आल्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. मी साडी आवरून बसले. डावा डोळा सकाळपासून जड होता, झोप झाली नव्हती म्हणून असेल. बाईंनी डोक्याभोवती एक फेरी मारली, माझ्याभोवती एक. मग वाकून माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला त्यांचा श्वास लागला.

"बिल्कुल यही हैं," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

तिवारी सर बोलायला पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून मागे सरले. केतकी पास झाली. वर्गात पहिली. पोरगी पाया पडायला येईल असं वाटलं होतं, पण ती भिंतीला लागून उभी राहिली आणि तिथूनच हात जोडले.

मी चपला घातल्या आणि निघाले. ऑटोने घरी आले तेव्हा अजून ऊन होतं. आमच्या घरात सगळे मराठीच बोलतात, हिंदी फक्त दारावर आलेल्या परक्याशी. मी बेल दाबली. माझ्या मुलीने, सुषमाने, दार उघडलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ओढणी सारखी केली, दार थोडं पुढे लोटलं आणि अदबीने म्हणाली,

"जी, किनसे मिलना है?"