सदतिसावा फोटो

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे वाकोल्याच्या आमच्या बैठ्या चाळीत असा समज पसरला होता की मला सगळं येतं. कुणाचं रेशन कार्ड हरवलं, कुणाच्या औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत काही लिहिलेलं असलं, की हाक यायची, "ए कॉलेजवाली, जरा बघ गं." मी मराठी घेऊन एस.वाय.ला होते. औषधाच्या बाटलीचं मला कितपत कळणार? पण नाही म्हणायची हिंमत होत नसे.

म्हणून मंडळाच्या गणपतीचं पंचविसावं वर्ष आलं तेव्हा सेक्रेटरी थेट आमच्या दारात येऊन उभा राहिला. "चाळीतल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन करायचंय. घरोघरी जाऊन फोटो गोळा कर आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिही. झकास पाहिजे हां."

"मला जमेल का?" मी विचारलं.

"कॉलेजला कशाला जाते मग?" एवढं बोलून तो मंडपवाल्याशी भांडायला निघून गेला.

मी कापडी पिशवी घेऊन फिरायला लागले. फोटो निघाले गादीखालून, देव्हाऱ्यातून, लग्नाच्या साड्यांच्या घड्यांतून. एका घरात तर पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. बारशी, साखरपुडे, सत्यनारायण, होळी, गणपतीची मिरवणूक. प्रत्येक घरी विचारलं, "हा कुणी काढला?" की उत्तर एकच. "समोरच्या काकांनी. दुसरा कुणाकडे होता कॅमेरा?"

समोरचे काका म्हणजे आमच्या दारासमोरचेच. माझे बाबा आणि ते एकाच गिरणीत होते. संपानंतर काका अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले. त्यांच्या गिरणीतल्या एका दोस्ताचा भाऊ बोटीवर होता, त्याच्याकडून त्यांनी फार वर्षांपूर्वी तो कॅमेरा घेतलेला. मंडळाने ठरवलंच होतं की प्रदर्शनाच्या दिवशी चाळीचे फोटोग्राफर म्हणून काकांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सगळं.

मी ते फोटो घरात जमिनीवर मांडून बसले, तेव्हा एक गोष्ट खटकली. जवळजवळ प्रत्येक फोटोत काका होते. बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावून, मिरवणुकीत ताशाच्या शेजारी, अनोळखी नवरदेवाच्या खांद्यावर हात टाकून. केस नीट विंचरलेले, हनुवटी वर.

आणि काकी एकाही फोटोत नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा नाही.

मी समोर गेले. काका दारात बसून दाढी करत होते.

"काका, हे फोटो तुम्ही काढलेत ना?"

"मग काय शेजाऱ्याने?"

"पण तुम्ही तर सगळ्यांत आहात."

साबणाच्या फेसातून ते हसले. "अगं, फोटो काढणं म्हणजे काय? माणसं उभी करायची, उंच मागे, बुटके पुढे, पोरांना गप्प करायचं, इकडे बघा म्हणायचं. हे सगळं मी करतो. मग शेवटी बटण तेवढं ही दाबते."

आतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला.

हे काही गुपित नव्हतं. मीही लहानपणापासून हेच बघत आले होते. काका ओरडून ओरडून सगळ्यांना रांगेत उभे करणार, स्वतः मधे जाऊन उभे राहणार आणि म्हणणार, "हां, दाब." काकी तोंडासमोर कॅमेरा धरून उभ्या. चाळीत या कामाला फोटो काढणं म्हणत नसत, बटण दाबणं म्हणत.

काकांबद्दल लिहायचं म्हणून दुपारी ते कामावर गेल्यावर मी काकींकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "काकी, तुमच्याकडचे काही फोटो असतील तर द्या ना."

"आमच्याकडे कसले? ज्याचे त्याला वाटून टाकले." मग थोडं थांबून म्हणाल्या, "चुकीचे आहेत थोडे."

ते 'चुकीचे' फोटो मला ऐकून माहीत होते. तेव्हा रोल परवडायचा नाही, म्हणून तीन-चार घरं मिळून एक रोल आणत. कुणाच्या वाट्याचे किती हे आधी ठरलेलं असायचं. पण स्टुडिओतून फोटो धुऊन आले की वाटून झाल्यावर एक उरायचाच, आणि त्यात भलतंच काहीतरी असायचं. काकी म्हणायच्या, "चुकून दाबलं गेलं," आणि तो आपल्याकडे ठेवून त्याचे पैसे देऊन टाकायच्या. काका अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणत, "हिचा दर रोलला एक वाया."

काकींनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवून पुन्हा तांदळाकडे वळल्या.

पहिला फोटो नळावरच्या बादल्यांचा होता. माणूस एकही नाही. रांगेत बादल्या, हंडे आणि मधे, नंबर राखायला, एकच चप्पल. पुढच्यात लग्न उरकल्यावर करवल्या भिंतीला टेकून बसलेल्या, एकीने पैंजण काढून पाय चोळायला घेतलेले. मग विमान. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, आम्ही वरही बघत नाही. या फोटोतही विमान नव्हतं, त्याची सावली होती, समोरच्या पत्र्यांवर पडलेली, आणि त्या सावलीत कोणीतरी वाळत घातलेले पापड. एकात पुरुषांची पंगत उठल्यावर आतल्या खोलीत जेवायला बसलेल्या बायका, त्यातली एक माझी आई. तोंडात घास असताना हसत होती. आईला मी फोटोत अशी कधीच बघितली नव्हती. फोटो म्हटला की ती पासपोर्टवरच्यासारखी ताठ होते.

मी सगळे फोटो पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितले. शेवटी म्हटलं, "काकी, हे चुकून नाही दाबलं."

"नाही."

"मग?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "रोल असतो छत्तीसचा. पण लावताना सुरुवातीची फिल्म वाया नाही घालवली ना, तर शेवटाक एक जास्त मिळता. हे लावतात तेव्हा दोन-तीन फुकट जातात. मी लावते तेव्हा नाही. तो सदतिसावा कुणाच्याच वाट्याचा नसतो." आणि जरा हसून, "म्हणून माझा."

"पण आईचा हा एवढा चांगला कसा आला?"

"फोटो काढून झाल्यावर मी 'झालं' म्हणते. मग माणसं सैल होतात. तेव्हा दाबायचं."

मला वाटलं, हे लिहून घ्यावं. मग वाटलं, समोर लिहायला लागले तर त्या बोलायच्या थांबतील.

त्यांनीच पुढे विचारलं, "एक सांगू? हसशील. अख्खा रोल मला मिळाला असता ना, कुणाचं बारसं नाही, कुणाचा सत्कार नाही, तर काय काय काढलं असतं मी. दूधवाला सायकल धुतो ते. मासळीवाल्या भाव करताना तोंडं कशी करतात ते. पन्नाशी उलटली गो, आता कधी?"

"आता काढा की."

"कॅमेरा चाललाय. विसर्जन झालं की जावई नेणार. ह्यांनी कबूल केलंय."

"काकांना सांगा ना, तुम्हाला हवाय म्हणून."

"काय सांगू? बटण दाबूक होयो म्हणून?"

अशा वेळी कॉलेजचा काही उपयोग होत नाही.

प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. मंडपाच्या एका बाजूला दोऱ्या बांधल्या, पांढऱ्या चादरी सोडल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावायला घेतले. काकी आधी नकोच म्हणत होत्या, "लोक हसतील. वाया गेलेले कुणी लावतं का?" मी फार आग्रह केला नाही, मला तो जमत नाही. नुसती रोज जाऊन डब्याजवळ बसायचे. शेवटी कंटाळून त्यांनीच डबा माझ्या पिशवीत टाकला. मी ते फोटो सगळ्यात मागच्या दोरीवर लावले. खाली काय लिहावं ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही.

सत्कार संध्याकाळी होता. गणपतीच्या दहा दिवसांसाठी मंडळाने आणलेला रोल काकींनी कॅमेऱ्यात लावला होता. आरती, पाककृती स्पर्धा, पोरांचा फॅन्सी ड्रेस, सगळं काकींनीच काढलेलं. म्हणजे बटण दाबलेलं. काका इस्त्रीचा सदरा घालून स्टेजवर बसले होते. जावई पहिल्या रांगेत, कॅमेऱ्याची रिकामी बॅग मांडीवर घेऊन. ती त्यांनी आधीच ताब्यात घेतली होती.

अध्यक्षांचं भाषण लांबलं. तोवर बायका एकेक करून मागच्या दोरीपाशी गेल्या. आधी कुजबुज, मग एकीचा आवाज, "अगो, ही तुझी बादली," दुसरीचा, "चप्पल माझी, बादली नाय." माझी आई आपल्याच फोटोसमोर उभी राहून शेजारणीला म्हणत होती, "मी अशी दिसते होय?" स्टेजकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सेक्रेटरीने दोनदा माईकवरून शू केलं.

मग काकांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. काकांनी हनुवटी वर केली. सेक्रेटरी माईकवर म्हणाला, "काकी, या लवकर, बटण दाबा."

काकी पुढे आल्या. कॅमेऱ्याच्या वरच्या आकड्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "छत्तीस झाले."

"वाट लागली," सेक्रेटरी म्हणाला. "स्टुडिओ बंद झाला असेल आता, नवा रोल मिळायचा नाही."

काका नारळ सावरत हसले. "काय घाबरतो रे. हिचा दर रोलला एक वाया जातो ना, तो आज कामाला येईल. निघेल ना गं एक?"

काकींनी फिल्म पुढे न्यायचा खटका ओढून बघितला. तो पुढे सरकला.

"निघतलो," त्या म्हणाल्या. "पण तो माझो."

माईक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. काकींनी स्टेजकडे पाठ केली. मागच्या दोरीपाशी बायका अजून एकमेकींच्या अंगावर रेलून फोटो बघत होत्या, बोटं दाखवत होत्या. काकी दोन पावलं गेल्या, एका खुर्चीच्या पाठीला कोपर टेकवलं आणि दाबलं. फ्लॅश झाला. स्टेजवरचे सगळे काकींच्या पाठीकडे बघत राहिले.

काका शाल घेऊन तसेच उभे. मग ते खाली उतरले आणि बायकांच्या मधून वाट काढत मागच्या दोरीपाशी गेले. मी तिथेच उभी होते आणि आता माझ्यावर येणार असं वाटून चिमट्यांचा डबा घट्ट धरून होते. काकांनी एकेक फोटो बघितला. एकात ते स्वतःच होते, मिरवणुकीहून येऊन गुंडाळलेल्या गादीवर तोंड उघडं टाकून झोपलेले. त्यापुढे ते बराच वेळ थांबले.

"हा कधी काढलास?"

"तुम्ही झोपलात तेव्हा," काकी म्हणाल्या.

"ते दिसतंय." मग जरा वेळाने, "म्हणजे हे सगळे वाया गेलेले?"

"सगळे."

काकांनी नारळ काकींच्या हातात दिला आणि शाल काढून घडी घालत बसले. उकडतंय म्हणाले.

विसर्जनानंतर जावई कॅमेरा न्यायला आले. मी समोरच, दारात बसून वाचत होते, म्हणजे वाचायचं नाटक करत होते. काका म्हणाले, "सासूबाईंना विचारा. मला त्यातलं काही कळत नाही."

काकी चहा देत म्हणाल्या, "आत नवा रोल घातलाय हो. संपला की बघू."

जावई दिवाळीला परत आले. तेव्हाही आत रोल होता. नंतर त्यांनी विचारणं सोडलं, आणि रिकामी बॅगही एका खेपेला आणून दिली.

तो पहिला अख्खा रोल काकींनी रविवारी रविवारी काढला. मी बरोबर जायचे, पिशवी धरायला. सांताक्रूझच्या मार्केटात मासळीवालीने आधी काकींना शिव्या घातल्या, मग पदर सारखा करून बसली. काकी म्हणाल्या "झालं," आणि ती पुन्हा गिऱ्हाइकावर ओरडायला लागली, तेव्हा दाबलं. दूधवाल्याची सायकल झाली. बसस्टॉपवर उभ्याउभ्या झोपलेला कंडक्टर झाला. छत्तीस संपले तेव्हा आम्ही वाकोल्याच्या पुलापाशी होतो. काकींनी सवयीने खटका ओढला. तो सरकला.

"आता हा कुणाचा?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "माझे झाले छत्तीस. तू काढ. मला काढ."

मी म्हटलं, "मला नाही येत."

"बटण दाबायचं," काकी म्हणाल्या.

त्या पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि ताठ झाल्या, थेट माझ्या आईसारख्या. पदर सारखा केला, ओठ मिटले. मी त्या छोट्या चौकोनातून बघत राहिले आणि मग म्हटलं, "झालं."

त्यांनी श्वास सोडला. वरून विमान चाललं होतं, त्याच्याकडे मान वर करून त्या काहीतरी बोलायला लागल्या. तेव्हा मी दाबलं.

फोटो धुऊन आले तेव्हा काका दारात बसून एकेक बघत होते. शेवटचा हातात आला तसा त्यांनी तो तिरपा करून पाहिला, मग स्वतःच मान तिरपी केली. काकींची अर्धी साडी, वर केलेला चेहरा आणि कडेला बसचं एक चाक.

"हा कुणी काढला? वाकडा आहे."

"कॉलेजवालीने," काकी आतून म्हणाल्या.

काकांनी तो खिशात टाकला. मी मागितला, तर म्हणाले, "तुझा पुढच्या रोलला."