डोळ्याला न दिसलेली बाही

मानोंग इल्योला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. कान्दोन गावातल्या आमच्या तंबाखूच्या कारखान्यात वीस वर्षं वायरी, मोटारी, सेन्सर सगळं त्यानेच सांभाळलं. कामात पक्का, बोलण्यात मात्र आनंदीआनंद! पगारवाढ मागायला सांगितलं तर म्हणायचा, "अडिंग, साहेबासमोर उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते रे." वयाने मी दहा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याचा अडिंग, धाकटा भाऊ, आणि तो माझा मानोंग, थोरला. पण मुकादम मी.

आमच्याकडे पानं खोक्यात भरतात आणि वरून प्रेसने दाबतात. बाई आत हात घालून पानं सारखी करते, हात बाहेर निघाला की प्रेस आपोआप खाली येते. हात आत आहे का, हे बघायला तोंडाशी सेन्सर. आम्ही त्याला डोळा म्हणायचो. पूर्वी समोरासमोर दोन डब्या होत्या; एक प्रकाश फेकायची, दुसरी झेलायची. मध्ये हात आला की प्रकाश अडायचा आणि प्रेस थांबायची. पण आमची ती धूळ! तासाभरात काच माखायची, प्रकाश पोचायचा नाही, आणि हात नसतानाही प्रेस ठप्प. साहेब माझ्या नावाने ओरडायचा, मी इल्योच्या.

"मानोंग, हा आंधळा डोळा काढून टाक एकदाचा!"

"आंधळा झाला तर थांबतो तरी, अडिंग."

"थांबतो हाच तर वैताग आहे ना!"

दोन दिवस तो सेन्सरची पुस्तकं चाळत बसला. मग एकाच डबीचा डोळा आणला. हा स्वतःच प्रकाश फेकतो आणि हातावरून परत आलेला प्रकाश ओळखतो. लावतानाही त्याची कुरकुर चालूच होती. "प्रकाश परत आला नाही तर हा समजणार, हात नाहीच. पुन्हा एकदा विचार करू या का?"

"विचार कसला करतोस? लाव."

त्याने शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि स्वतःचा हात तीस वेळा आत घातला. तिसाव्या वेळीही प्रेस थांबली. मी टाळ्या वाजवल्या. महिनाभर एकदाही काम अडलं नाही, साहेबाने आम्हा दोघांना डुकराचं कुरकुरीत तळलेलं बागनेत खाऊ घातलं.

मानांग इन्सिया, आम्हा सगळ्यांची थोरली बहीणच, तेव्हा पानं निवडायच्या टेबलावर होती. जानेवारीत तिचा नवरा गेला. आमच्याकडे बाई वर्षभर काळं घालते, वर्ष भरल्यावरच ते उतरतं. ती मनगटापर्यंत काळ्या बाह्यांचं पोलकं घालून कामावर यायची आणि त्यावर कारखान्याचे पांढरे हातमोजे. एका मंगळवारी प्रेसवरची बाई आजारी पडली, म्हणून मी इन्सियाला तिथे उभं केलं.

तिने हात आत घातला. पांढरा मोजा डोळ्याला दिसला, प्रेस थांबली. कोपऱ्यातलं एक पान दुमडलं होतं म्हणून ती आणखी वाकली. आता डोळ्यासमोर मोजा नव्हता, बाही होती. काळ्या कापडावरून प्रकाश परत आलाच नाही. डोळ्याला वाटलं, हात निघाला. प्रेस खाली आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिची किंकाळी मला अजून ऐकू येते.

तिसऱ्या दिवशी इल्योने काठीला काळं फडकं गुंडाळून आत धरलं. प्रेस खाली. पुन्हा धरलं, पुन्हा खाली. तो तिथेच फरशीवर बसला. "अरे, याला काळं दिसतच नाही! आणि मी बघितलं काय, तर माझाच उघडा हात. बारा बायका काम करतात इथे, एकीलाही बोलावलं नाही मी."

तोवर साहेबाने कागद तयार ठेवला होता. बाईने नियम सोडून काळे कपडे घातले, चूक तिचीच. तो कागद मंजूर झाला असता तर भरपाई नाही आणि कामही नाही. इल्यो आधी तिच्या घरी गेला, सोबत मी. ती डाव्या हाताने शेंगा सोलत होती. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसून ढसाढसा रडला, सगळं सांगून मोकळा झाला.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्यापुढे कशाला रडतोस, मानोंग? मी चुकले नाही हे मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना जाऊन सांग."

सोमवारी चौकशी झाली. साहेब, सरकारी माणूस आणि आम्ही दोघे. इल्यो उठला. तीनदा अडखळला. पण बोलला बरं का! "बाहीची चूक नाही. डोळाच चुकीचा निवडला. मी निवडला."

सरकारी माणसाने विचारलं, "पण पहिला काढला कशाला? कुणी सांगितलं?"

इल्योने माझ्याकडे बघितलं. माझी पोरं शाळेत, घर अर्धं बांधलेलं, हे सगळं त्याला माहीत होतं. मी टेबलाकडे बघत बसलो.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मीच."

इन्सियाला भरपाई मिळाली, कामही राहिलं. इल्योला घरी पाठवलं. आता बाजारात पंखे दुरुस्त करतो, आणि मला बघून हसतो. त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा प्रार्थना सुटल्यावर इन्सियाने मला चर्चच्या पायरीवर अडवलं. "एक सांग. पहिला डोळा काढायला इल्योला खरंच कुणी सांगितलं नव्हतं?"

तिथे ना साहेब होता, ना सरकारी माणूस. खरं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

"कुणी नाही," मी म्हणालो. "त्यानेच."