सुधाकरभाऊंच्या हाताला न लागलेली वायर

हे मी घरीही कधी बोललो नाही. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. माझं काम कुणाला कळत नाही, म्हणून माझी चूकही कुणाला कळत नाही — किती सोयीचं!

मारेगावजवळच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, सर्व्हर मी यवतमाळला बसून सांभाळतो. हे काम मला मिळवून दिलं सुधाकरभाऊंनी. ते तिथले वायरमन. मालकापुढे माझ्यासाठी शब्द त्यांनी टाकला होता.

सर्व्हरमध्ये नेटवर्कची दोन कार्डं होती, नावं घोटाळ्यात पाडणारी. ती बदलायची होती. मालकांना मी ऐटीत म्हणालो — मशीन रीबूट न करता करतो, गाड्या तोलणारा काटा थांबणार नाही. आणि होतंही तसं. कार्ड बंद करायचं, नाव द्यायचं, पुन्हा चालू करायचं. लांबून करताना या तिन्ही आज्ञा एका ओळीत, एकदम द्यायच्या. मी पहिली लिहिली — आणि एंटर दाबलं. ज्या कार्डावरून मी आत शिरलो होतो, तेच मी बंद केलं. दार आतून लागलं, मी बाहेर.

काटा थांबला. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. मी भाऊंना फोन केला. खरं सांगायलाच केला होता ना? मग तोंडातून असं का निघालं — "भाऊ, तुम्ही सर्व्हरची वायर तं नाही हलवली?"

"मी तं तिथंच पंख्याचा बोर्ड पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "लागला असन बापा हात."

त्यांना ते खरंच वाटलं.

एसटीने तिथे पोचलो. सर्व्हरच्या खोलीत मॉनिटर जोडून कार्ड चालू केलं. तेवढ्यात मालक आत आले, आणि मी — नीट बसलेली वायर काढली, त्यांच्यादेखत पुन्हा खोचली. "सैल झाली होती."

हात लागल्याचं भाऊंनी आधीच कबूल केलं होतं. मालक दारात जमलेल्या गाडीवाल्यांसमोर भाऊंवर ओरडले, "थो का मोटरपंप हाय, कुठंबी हात घालाले? या खोलीत पाय ठेवू नको!"

मी बॅग भरत होतो. किती वेळ लागतो बॅग भरायला?

आजही जातो. भाऊ माझ्यासाठी चहा आणतात, उंबऱ्याबाहेरच थांबतात. पूर्वी मला 'पोट्ट्या' म्हणायचे. आता विचारतात, "साहेब, आत येऊ का?"

मी "या" म्हणतो. ते येत नाहीत. मी उठून चहा घेतो.