यानंतर

सकाळी आई रेडिओ लावते आणि थोड्या वेळाने खोलीत करपट वास येतो. वास रेडिओचा नाही, सेलऐवजी विजेवर चालावा म्हणून त्याला जोडलेल्या एलिमिनेटरचा. तो तापला की आत साठलेली सुताची धूळ भाजून निघते. आमचे यंत्रमाग विकून बरीच वर्षे झाली. मागाच्या शेडमध्ये आता शेजाऱ्यांच्या दुचाकी उभ्या असतात. पण सोलापुरात मागाशेजारी वाढलेल्या घरातून सूत पूर्ण कधी जात नाही. घड्याळात, स्विचबोर्डात, देवांच्या तसबिरींमागे ते राहतेच. हा वास आला की वडिलांच्या आजारपणातला एक दिवस आठवतो. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेडिओ बोलत होता आणि वडीलही. दोघांपैकी एकाचेच बोलणे आम्हाला कळत होते.

वडिलांना गाण्यांचे केंद्र नको असे. देशभर ऐकू जाणारे, नुसते बोलणारे केंद्र हवे असे. बातम्या, आरोग्य, पिकांवरची चर्चा, कधी हिंदी, कधी मराठी. मागाच्या खडखडाटात त्यातले अक्षरही कळत नसे, तरी शेडच्या खिडकीत रेडिओ चालू असे, तेव्हा सेलवर. मग वीज जायची. माग एकदम थांबायचे आणि त्या शांततेत कोणीतरी वाक्याच्या मधोमध बोलताना सापडायचे: ‘…म्हणून दुसरे पाणी देण्यापूर्वी निंदणी करून घ्यावी.’ वीज येईपर्यंत वडील ऐकत बसत. त्यामुळे जगातल्या पुष्कळ गोष्टींचा त्यांना मधला भाग तेवढा ठाऊक होता. घरात आम्ही तेलुगू बोलतो. शाळेत न गेलेल्या या माणसाचे मराठी वीज जाण्याच्या वेळांतून तयार झाले, आणि ते गल्लीसारखे नाही, निवेदकासारखे झाले. पाहुणा उठला की ते म्हणत, ‘आपण आलात, आभारी आहोत.’ गल्ली हसायची. त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसत नसे.

अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि तेलुगू गेली. राहिली ती रेडिओची काही वाक्ये. डॉक्टर म्हणाले, पाठ झालेले कधीकधी मागे उरते. त्याच्यासोबत अर्थ उरतोच असे नाही. अर्थ आईने लावून घेतला. ‘हवामानाचा अंदाज’ म्हणजे पंखा लावा. ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’ म्हणजे चादर बदलायची वेळ झाली. आईला मराठी जेमतेम येते, पण एवढे मराठी तिला पुरत होते.

त्या दिवशी सकाळच्या बातम्या संपल्या आणि वडील म्हणाले, ‘यानंतर.’ एवढेच. निवेदक पुढच्या कार्यक्रमाचे नाव घेण्याआधी थांबतो, तसे थांबले. पुढे काही आले नाही.

मी वर्तमानपत्रात मजकूर दुरुस्त करतो. शब्द वाक्यात कशासाठी आला आहे हे ओळखण्यावर माझे घर चालते. मला वाटले, ते कार्यक्रम विचारत आहेत. म्हणालो, ‘यानंतर आरोग्यावर बोलणार आहेत.’ त्यांनी डावा हात आडवा हलवला. आईने पाणी दिले. हात हलला. गोळी, उशी, खिडकी. हात हलतच राहिला. रेडिओवर कोणी डॉक्टरीणबाई मिठाबद्दल बोलून गेल्या, मग मंगळवेढ्याकडच्या ज्वारीसारख्या कोरडवाहू पिकांची चर्चा झाली, आणि प्रत्येकाच्या शेवटी पलंगावरून तोच शब्द आला.

दुपारी आमच्या मागावरचा जुना कामगार वडिलांना आंघोळ घालायला आला. तो रोज येई.

‘मालक, लई बोलायलाव की आज! यानंतर काय? यानंतर आंघोळ!’

एरवी या बोलण्यावर वडिलांचा अर्धा चेहरा हसायचा. त्या दिवशी नाही हसला. कामगाराने हातातला टॉवेल खाली ठेवला.

‘अम्मा, ह्ये आंघोळीचं न्हाई. डोळे बगा की त्यांचे.’

‘मग कशाचं हाय? तू तर सांग,’ आई म्हणाली.

‘मला कळलं असतं तर मी तितं रेडिओत बसलो नसतो व्हय?’

मग संस्कृत बातम्या लागल्या. आमच्या घरात त्या कोणालाच कळत नाहीत. वडील मात्र नेहमी त्या मान ताठ करून ऐकत. त्या वेळी त्यांचे लक्ष रेडिओकडे नव्हते. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की सकाळपासून तो शब्द ते रेडिओकडे किंवा माझ्याकडे बघून म्हणत नव्हते. आईकडे बघून म्हणत होते. हे मी तिला सांगितले. ती भांडी आवरत राहिली.

संध्याकाळी क्रिकेटचे समालोचन चालू असताना तिने उठून रेडिओ बंद केला आणि पलंगाच्या कडेला बसली. वडील म्हणाले, ‘यानंतर.’ तिने बोट स्वतःकडे वळवले आणि तेलुगूत विचारले, ‘तुमच्यानंतर माझं काय, असं?’ हात हलला नाही. होकाराची मानही हलली नाही. ते नुसते बघत राहिले. तिने त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. ‘नेन् उन्ना,’ ती म्हणाली. मी आहे. तेच तीन-चारदा म्हणाली, मूल झोपवताना म्हणतात तसे. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले.

उत्तर मिळाले म्हणून ते गप्प झाले, की दिवसभर बोलून थकले म्हणून, सांगता येत नाही. त्यांना कदाचित दुसरेच काही हवे असेल, अगदी साधे, हाताच्या अंतरावरचे, आणि आम्ही तिघांनी मिळूनही ते दिले नसेल. आईचा अर्थ बातमी म्हणून माझ्याकडे आला असता तर मी दुजोऱ्याशिवाय छापला नसता. दुजोरा देणारा एकच माणूस होता. तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही, आणि उन्हाळा संपायच्या आत ते गेले.

बातमीत ‘यानंतर’ हा शब्द बहुतेक वेळा अनावश्यक असतो. पुढचे वाक्य पुढे आहे हे वाचकाला दिसतेच. मी तो आजही कापतो. पण घरी सकाळी रेडिओवरचा निवेदक ‘यानंतर’ म्हणून क्षणभर थांबतो, तेव्हा भाकरी थापणारा आईचा हात परातीत थांबतो. कार्यक्रमाचे नाव येते. ते काय आहे हे तिला बहुधा कळत नाही. नाव आले, एवढे ऐकते आणि मग भाकरी पुन्हा फिरू लागते.